सागवानी चौकटीचा कार्बन उणे लिहिता, मग जमीन कुठे लिहिता?

मोजपट्टी:
लाकडात साठलेला कार्बन हवेत जात नाही, म्हणून कार्बनच्या हिशोबात तो उणे धरतात. 7 × 3.5 फुटी दाराची चौकट घ्या. लाकडाची जाडी-रुंदी 5 × 2.5 इंची, उंबरा नाही. लाकूड 1.52 घनफूट, म्हणजे 0.043 घनमीटर. 12 टक्के ओलाव्याचं सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतं. त्याला 1.12 ने भागलं की कोरडं वजन 580. त्यातला निम्मा कार्बन; त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला गुणिले 44 भागिले 12. चौकटीमागे 46 किलो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवला गेला. इथवर कुणाचं दुमत नसावं.

बांधकाम साहित्याच्या पर्यावरण हिशोबाच्या ईएन 15804 या युरोपीय मानकात हा आकडा सुरुवातीला उणे आणि लाकूड संपताना अधिक, असा दोनदा लिहायचा असतो. फक्त पहिला दाखवला की चौकट पुण्यवान दिसते. आणि जमिनीचा रकाना तर नसतोच. 400 चौकटींना 17 घनमीटर कटसाईज, म्हणजे मापात चिरलेला माल, लागतो. चिराईत निम्मं लाकूड छिलपट-भुशात जातं, म्हणून ओंडके 34 घनमीटर. वाढ वर्षाला हेक्टरी 4 घनमीटर धरली, तर साडेआठ हेक्टर जमीन वर्षभर सागाखाली अडकली. हे लिहिल्याशिवाय उणे आकडा छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

वखारीचा हिशोब:
पटलं नाही. सागाखालची जमीन काही खाऊन टाकली जात नाही, तोड झाली की ती पुन्हा लागवडीला येते. बांधावरच्या सागाला तर वेगळी जमीनच लागत नाही. आणि लाकूड नाकारून लावणार काय? पत्र्याची चौकट सुमारे 15 किलोची. भारतात टनभर पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका चौकटीचे 37 किलो हवेत गेले, आणि ते आजच.

शिवाय तुमच्या निम्म्या उताऱ्यात, म्हणजे ओंडक्यातून चिरून हाती येणाऱ्या लाकडाच्या हिश्शात, एक खाच आहे. टिंबर मार्केटात गोल माल, म्हणजे ओंडके, क्वार्टर गर्थने मोजतात: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. त्यात खऱ्या घनफळाचा 78.5 टक्केच भाग येतो. चलनावरचे, म्हणजे मालासोबतच्या कागदावरचे, 100 घनफूट म्हणजे प्रत्यक्षात 127. त्यातून 64 घनफूट साईज निघाला की लोक 64 टक्के उतारा सांगतात. खरा उतारा 50 टक्केच.

मोजपट्टी:
खाच बरोबर दाखवलीत. माझे 34 खरे घनमीटर आहेत, चलनावरचे नाहीत. पण हे मी लिहायला हवं होतं. चलनावरचा आकडा तसाच उचलला की जमीन पाचव्या हिश्शाने कमी दिसते. बांधाचं मात्र मान्य नाही. सावलीत पिकाचं उत्पन्न घटतं, ते भरून काढायला दुसरीकडे जमीन लागते. पत्र्याचंही अर्धंच सांगितलंत. सागाच्या बाजूला वाहतूक, चिराई, भट्टीत सुकवणं घातल्याशिवाय तुलना कशी करणार?

जुनी तुळई:
दोघंही नव्या लाकडावरच भांडताय. पेठांतले वाडे उतरवताना निघणाऱ्या तुळयांसाठी आज नवी जमीन लागत नाही. ते सागवान जळणात गेलं तर साठलेला सगळा कार्बन एका दिवसात सुटतो. आधी ते वापरा.

वखारीचा हिशोब:
वापरा, पण उतारा नीट धरा. तुळईत जुने लोखंडी खिळे असतात. एक जरी राहिला तरी बँडसॉचं, म्हणजे पट्टा करवतीचं, पातं जातं, म्हणून चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवावा लागतो. भिंतीत गाडलेली टोकं कुजलेली असतात, ती सरळ कापून टाकायची. आणि वजनकाट्यावरून कार्बन काढू नका. पावसात भिजलेल्या मालाचं पाणीही कार्बन म्हणून मोजलं जातं.

मोजपट्टी:
वजनकाट्याबद्दल पूर्ण सहमत. चलनावर चार गोष्टी मागून घ्या: जात, मूळ ठिकाण, माल गोल की चिरलेला, मॉइश्चर मीटरचा आकडा. मूळ ठिकाण नसेल, तर हेक्टरी वाढ कुठल्या जंगलाची धरायची तेच कळत नाही. तिथे मी जमिनीचा रकाना कोरा ठेवीन आणि उणे आकडाही लिहिणार नाही.