३७ अंश नेमके कुठे? पेटी हवी की स्टेजवरचा छोटा इन्क्युबेटर?

पेशीवाली
विभागात जिवंत पेशींच्या इमेजिंगसाठी खरेदी ठरतेय. अख्ख्या मायक्रोस्कोपभोवती पारदर्शक पेटी घ्यायची, की स्टेजवर, म्हणजे डिश ठेवायच्या पाटावर, बसणारा छोटा इन्क्युबेटर? माझं मत पेटीला.

गेल्या महिन्यात हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) रात्रभर लावल्या होत्या. कंट्रोलरवर ३७.० ढळला नाही, पण एरवी तासाभरात उरकणारं विभाजन रेंगाळत होतं. शेवटी केसाएवढ्या बारीक तारेचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) डिशच्या तळाला, काचेला टेकवून सोडला. ३३.८! ऑइलचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे डिशला तेलाने जोडलेली मायक्रोस्कोपची मुख्य लेन्स, हा पितळेचा जड गोळा. तेलाच्या थेंबातून तो काचेला भिडलेला असतो आणि आपण जिथे बघतोय नेमकी तिथलीच ऊब ओढून घेतो. पेटीत ऑब्जेक्टिव्हही गरम राहतं, प्रश्नच मिटतो.

स्टेजवाला
ताई, निदान अगदी बरोबर, पण उपाय पटला नाही. ऑब्जेक्टिव्हला गुंडाळायचा हीटर मिळतो, तो लावा. पेटीचं तापमान स्थिरावायला तीन-चार तास लागतात, आणि दार उघडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय पेटीभर दमट हवा खेळवता येत नाही, लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागेल. म्हणजे ओलावा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडसाठी डिशवर छोटं झाकण लागणारच. मग दोनदा खर्च का?

पेशीवाली
फोकसचं काय? एसी चालू-बंद झाला की स्टँडचा धातू आकुंचन-प्रसरण पावतो. मायक्रॉनभर सरकलं तरी ६०एक्सला (साठपट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला) चित्र गेलं. तुमचा हीटर ऑब्जेक्टिव्ह तापवेल, स्टँड नाही.

स्टेजवाला
त्याला ऑटोफोकस आहे. तुमच्या विभागात झेब्राफिशवालेही असतील ना? त्यांच्या भ्रूणांना २८.५ लागतात, फळमाश्यांच्या ऊतींना २५. मे महिन्यात खोलीच ३२ वर असेल तर नुसती तापवणारी पेटी काय कामाची?

कॅल्शियम_दादा
दोघेही उगाच खर्चात पाडताय. माझं रेकॉर्डिंग वीस मिनिटांचं. माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) २० मिलिमोलर हेपेस, म्हणजे पीएच धरून ठेवणारा बफर, घालतो, डिश गरम ठेवतो, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही.

पेशीवाली
दादा, वीस मिनिटांना चालेल. रात्रभर नाही. बायकार्बोनेटचं माध्यम उघड्या हवेत ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो. आणि रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) असलेल्या माध्यमात हेपेसवर प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मेल्या की आपण लेझरला दोष देत बसतो.

स्टेजवाला
इथे मी ताईंच्या बाजूने. अजून एक, बाष्पीभवन. कोरड्या हवेत दोन मिलिलिटर माध्यम सकाळपर्यंत किती आटतं ते डिश वजन करून बघा. क्षारांचं प्रमाण वाढलं की पेशी आक्रसतात, आणि विद्यार्थी तो औषधाचा परिणाम म्हणून लिहून ठेवतो. हे मी स्वतः प्रबंधात वाचलंय, फार वाईट वाटलं.

पेशीवाली
झेब्राफिशचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो मान्य. फोकसचा अजून नाही. सोमवारी शेजारच्या विभागातून ऑब्जेक्टिव्हचा हीटर उसना आणते आणि तोच थर्मोकपल, तीच डिश, रात्रभर लावते. एसी नेहमीसारखाच चालू ठेवीन. तापमान आणि फोकस, दोन्हींचे आकडे इथेच टाकते.