जिवंत दगडफूल काचेच्या बरणीत तपकिरी पडतंय, काय चुकतंय?

धुकेवाट

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझी आत्या महाबळेश्वरच्या अलीकडे एका गावात राहते, तिच्या परसात सिल्व्हर ओकची जुनी झाडं आहेत आणि त्यांच्या फांद्या दगडफुलानं लगडलेल्या असतात. आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच, वरून राखाडी, खालून काळं. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात एक फांदी मोडली, ती चुलीत जाणार होती म्हणून मी त्यातला हातभर तुकडा मागून पुण्याला आणला.

घरी मोठ्या काचेच्या बरणीत तळाशी ओलं मॉस घालून त्यावर फांदी ठेवली, वर झाकण, आणि रोज सकाळ संध्याकाळ नळाच्या पाण्याचा स्प्रे. ऊन लागू नये म्हणून बरणी खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या कपाटावर. नोव्हेंबर डिसेंबरमध्ये छान हिरवट दिसायचं, मला वाटलं रुळलं. फेब्रुवारीपासून मधला भाग तपकिरी पडायला लागला, दोन ठिकाणी गुलाबीसर डाग आले आणि एका कोपऱ्यात पांढरी बुरशी धरली. सुकतंय वाटून पाणी वाढवलं तर अजूनच बिघडलं. आता मार्च संपत आला. आत्यानं "नीट सांभाळ गं" म्हणून दिलं होतं, तिला सांगायचा धीर होत नाहीये. ते जगायला नक्की काय लागतं?

सड्यावरचा

ताई, आधी झाकण काढा आणि स्प्रे बंद करा, मग पुढचं वाचा.

दगडफूल म्हणजे एक वनस्पती नव्हे. ती बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं हिरवं शैवाल अशी जोडी आहे, असल्या जोडीला लायकेन म्हणतात. शैवाल उजेडात साखर बनवतं, बुरशी त्याला घर देते. मुळं नाहीत, पाणी साठवायला खोड नाही, पानांना असतो तसा मेणाचा थर नाही, त्यामुळे हवा ओली तर ते ओलं आणि हवा कोरडी तर ते कोरडं, मधलं काही त्याच्या हातात नाही. कोरडं झालं की मरत नाही, नुसतं थांबतं. महाबळेश्वरला उन्हाळ्यात दुपारी फांदीवरचं दगडफूल चुरगळलं तर कुरकुरीत चुरा होतो, आणि तेच जून उजाडला की तासाभरात मऊ, हिरवट. हे थांबणं त्याला लागतंच, तुम्ही तेच काढून घेतलंत.

ओलं असलं की ते दिवसा साखर कमावतं पण श्वसन दिवसरात्र चालू राहतं, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त. डिसेंबरात पुण्याच्या रात्री गार होत्या म्हणून निभावलं. फेब्रुवारी मार्चमध्ये बंद बरणीत, उबेत, रात्रभर ओलं, आणि दिवसा कपाटावर उजेड जेमतेम, म्हणजे कमाई थोडी आणि खर्च चोवीस तास. उपासमार झालीय ती. वर पाणी जास्त झालं की शरीरातल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरतात आणि कार्बन डायऑक्साइड आत शैवालापर्यंत पोचत नाही, म्हणून पाणी वाढवल्यावर बिघडलं. पनामाच्या सखल जंगलात दगडफुलाच्याच गोतावळ्यातल्या, म्हणजे परमोट्रेमा वंशातल्या, एका जातीवर अभ्यास झालाय आणि तिथेही हाच हिशोब निघतो, रात्रीच्या उबदार ओलाव्यात दिवसाची कमाई बरीचशी खर्चून जाते. उष्ण कटिबंधात पाऊस भरपूर असूनही असली मोठी पानांची लायकेन उंचावरच्या गार धुक्यात जास्त माजतात ती त्यामुळेच. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर, पावसाळ्यात महिनोन्महिने धुकं, हिवाळ्यात दव, आणि दोन्हींच्या मधे वारं लागून वाळणं. हिरवं शैवाल असलेल्या लायकेनला द्रव पाणीही लागत नाही, नुसत्या दमट हवेवर ते जागं होतं, म्हणून धुकं मानवतं.

नळाचं पाणी पण नको. त्याला खत पाणी सगळं हवेतून आणि पावसातून मिळतं, जे येईल ते गाळणी न लावता आत शिरतं, त्यामुळे क्षार, क्लोरीन, गाड्यांचा धूर सगळं भोवतं.

जिवंत किती उरलंय ते असं बघा: दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मग पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी हलकं शिंपडा. पाचदहा मिनिटांत जिथे हिरवट झाक येते तिथे शैवाल जिवंत आहे. जिथे तपकिरी किंवा गुलाबीसरच राहतं तो भाग गेला, वर धरलेल्या पांढऱ्या बुरशीसकट काढून टाका.

चुलीवरचं

मी मसाले करते, ३० वर्षं दगडफूल हाताळतेय पण ते जिवंत असतं हा विचार कधी केला नव्हता. दुकानातलं आणून झाडाला बांधलं तर लागेल का? आणि शेती का नाही करत कोणी, भाव तर चांगला असतो.

सड्यावरचा

दुकानातलं नाही लागणार काकू. उन्हात कडक वाळवून पोत्यात महिनोन्महिने ठेवलेलं असतं, त्यात जीव उरत नाही सहसा. शिवाय ते बरंचसं हिमालयाकडून येतं आणि एका पिशवीत चारपाच जाती मिसळलेल्या असतात. घरी चाळून बघा, काहींच्या कडेला काळे केसासारखे तंतू दिसतील, काहींच्या कडांवर पिठासारखी भुकटी, तर काहींवर बारीक खरखरीत दाणे. हे दाणे आणि भुकटी म्हणजेच त्याची पेरणी, बुरशी आणि शैवाल दोन्ही त्यात एकत्र असतात, वाऱ्यानं पावसानं दुसऱ्या सालीवर पडतात.

शेतीचं म्हणाल तर वाढच इतकी हळू. वर्षाला कड पुढे सरकते काही मिलिमीटर. तळहाताएवढी चकती म्हणजे दहाएक वर्षं सहज, आणि आपण दोन चमचे फोडणीत टाकतो. मी स्वतः वापरतो, थोडं कमी घालतो आता. गोळा करणारे साल सोलून सगळंच नेतात तेव्हा जीव तुटतो, एक तुकडा ठेवला तरी तिथून परत पसरलं असतं.

कातळावरची कलमं

आमच्याकडे देवगडला आंब्याच्या खोडावर असतं हे पण इतकं मोठं पानांचं नाही, चपटं चिकटलेलं, राखाडी गोल गोल. लोक म्हणतात झाड खातं, म्हणून खरवडून काढतात. खरं आहे का?

सड्यावरचा

नाही हो, बांडगूळ वेगळं. बांडगूळ फांदीच्या लाकडात शिरून रस ओढतं, दगडफुलाचे खालचे काळे तंतू फक्त सालीला धरून राहायला असतात. जुन्या, अशक्त झाडावर जास्त दिसतं कारण पानं विरळ झाली की फांदीवर उजेड जास्त पडतो, आणि साल जुनी असली की बसायला वेळ मिळतो. दाट रानात सुद्धा बुंध्याशी अंधारात पानांचं लायकेन फार नसतं, ते वर शेंड्याकडे असतं, म्हणून वादळात फांदी पडली की आपल्याला दिसतं. तुमचं ते चपटं पिक्झिन किंवा डिरिनारिया वंशातलं लायकेन असावं, उष्णता आणि थोडं प्रदूषणही सोसतात, शहरातल्या आंब्यांवर सुद्धा दिसतात. मोरचूद चुन्याची फवारणी असेल तर मात्र मोरचुदातल्या तांब्यानं तेही जातं. खरवडू नका, कष्ट वाया.

धुकेवाट

सगळ्यांचे खूप आभार. झाकण काढून चार दिवस झाले, फांदी पूर्वेच्या खिडकीत दोऱ्यानं टांगलीय. आज पावसाचं साठवलेलं पाणी शिंपडलं (आत्यानंच बाटलीत भरून दिलं होतं, औषधासारखं!), तर कडेचे तीन तुकडे हिरवे झाले, मधलं सगळं गेलंय. आत्याला फोन करून खरं सांगितलं, ती म्हणाली घेऊन ये परत. पाडव्याला जातेय. परत झाडावर कसं लावू?

सड्यावरचा

छान झालं. तुकडे सालीसकट ठेवा, सुटे करू नका. कोरडे असतानाच न्या, कागदाच्या पाकिटात, प्लास्टिकमध्ये नको. त्याच झाडावर, जिथे आधीपासून दगडफूल आहे अशा फांदीवर, पहिल्यासारखीच बाजू वर ठेवून सुती दोऱ्यानं सैल बांधा. पाणी घालू नका, पहिल्या पावसापर्यंत ते थांबून राहील. शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवा, पुढच्या पाडव्याला त्याच जागी परत नाणं धरा, कड किती सरकली ते कळेल.

धुकेवाट

बांधते आणि फोटो इथेच टाकते. आत्या म्हणतेय नाणं तीच धरणार.