मदत हवी आहे: हॅमॉक (झाडांना बांधायची झोळी) आणि कपड्यांना परमेथ्रिन (कीटकनाशक) मारायचंय

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर दोडामार्गच्या जंगलात दोन रात्री हॅमॉकमध्ये झोपायचंय आणि तिकडे २०१६ मध्ये गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाच्या केसेस झालेल्या म्हणून गोचिडांची खरंच धास्ती आहे. मागच्या ट्रेकला वरून मच्छरदाणी होती तरी डासांनी खालून हॅमॉकच्या कापडातूनच फोडून काढलं, पाठभर गांध्या. आता पॅन्ट, मोजे, हॅमॉक सगळ्यावर परमेथ्रिन मारायचंय पण कपड्यांसाठीचा ०.५ टक्क्यांचा स्प्रे कुठे मिळेचना, मेडिकलवाला खरजेची ५ टक्क्यांची क्रीम दाखवतो, ती अंगाला लावायची असते हो! कोणी मागवलाय का, कुठून? आणि घरात मांजर आहे, ओलं परमेथ्रिन तिला विषारी असतं, मग गच्चीवर मारून पूर्ण वाळवूनच घरात आणलं तर चालेल ना? प्लीज अनुभव सांगा.