अनुभव धागा : घरच्या लिंबू-संत्रं बटर कुकीज

लिंबाच्या नाहीतर संत्र्याच्या बटर कुकीजबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. वासच येत नाही, कडवट झाल्या, ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटल्या, दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. या धाग्यावर नुसती पाककृती चिकटवू नका. वजनात मापं, ओव्हन कोणता, किती अंश, किती मिनिटं आणि बिघडलं तर कशामुळे, एवढं लिहा. आजीच्या आठवणींचा परिच्छेद गाळलात तरी चालेल. सुरुवात मीच करते.

पुणे, २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल)

मूळ प्रमाण वजनाने १:२:३. साखर १०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, पीठ ३०० ग्रॅम. पिठात २७० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे ग्लुटेन कमी होऊन कुकी ठिसूळ राहते. सहा कागदी लिंबांच्या सालीचा किस. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, अंडं नाही, दूध नाही आणि लिंबाचा रस तर नाहीच. १५ ग्रॅमच्या चाळीसेक कुकीज होतात.

रस का नाही? लिंबाचा वास सालीतल्या बारीक बारीक तेलाच्या पिशव्यांमध्ये असतो. रसात मुख्यतः पाणी आणि आंबटपणा. हे तेल बटरमध्ये छान मुरतं, पण आधी ते पिशव्यांतून बाहेर काढावं लागतं, आणि ते काम साखर करते. आपली दाणेदार साखर जाड असते, ते इथे फायद्याचंच. साखर आणि किस परातीत घेऊन तळहाताने चार-पाच मिनिटं रगडायचं. आधी साखर कोरडी, मग दमट, मग ओल्या वाळूसारखी होते आणि तिला हिरवट-पिवळी छटा येते. आता हात धुतला तरी वास जात नाही, तेव्हा थांबायचं. मग तीच साखर मिक्सरला थांबून थांबून फिरवायची. ती भांड्याच्या तळाला चिकटून बसते. मोजलेल्या मैद्यातले दोन चमचे टाकून एक झटका दिला की सुटते. बाजारची पिठीसाखर घेऊन त्यात किस ढवळला तर वास निम्मासुद्धा येत नाही, कारण रगडायला कणच नाहीत.

बटर किती मऊ? बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. साधारण १८ ते २० अंश. साखरेबरोबर दोनच मिनिटं फेटायचं. केकसारखं पांढरं हलकं होईपर्यंत फेटलं की आत हवा भरते आणि कुकी ओव्हनमध्ये फुगून मग बसते, पसरते. पीठ घातल्यावर मळायचं नाही, मुठीने दाबून गोळा करायचा. चार सेंटिमीटर जाडीचा रोल करून बटर पेपरमध्ये गुंडाळायचा, तासभर फ्रीज. दर पंधरा मिनिटांनी थोडा फिरवून ठेवला नाही तर एक बाजू चपटी होते. मग धारदार सुरीने ७ मिलिमीटरचे काप.

ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून, दोन्ही रॉड, मधला कप्पा, १४ ते १६ मिनिटं. कडा जेमतेम बदामी झाल्या की बाहेर. मधे दाबून पाहिल्यावर मऊच लागतात, तिथेच लोक घाबरून आणखी पाच मिनिटं ठेवतात. गरम असताना त्या मऊ असणारच. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या. जास्त भाजलं की रंग चढतो, पण लिंबाचं तेल उडून जातं आणि खाताना नुसतं भाजलेलं बटर लागतं.

ठाणे

बटर खारं की बिनमिठाचं?

पुणे

पिवळं खारं बटर चालतं, वेगळं मीठ घालायचं नाही. बिनमिठाचं असेल तर पाव ते अर्धा छोटा चमचा. मीठ अजिबात नसलं तर लिंबू पुढे येत नाही.

नागपूर, ओटीजी

संत्र्याबद्दल लिहितो, कारण वरची किसण्याची पद्धत लिंबाला ठीक, आमच्या संत्र्याला नाही. नागपुरी संत्र्याची साल गरापासून सुटी असते, पिकलं की फुगते. किसणीवर घासलं की साल आत दबते, फाटते आणि पांढरा भाग किसात उतरतो. कुकी कडू होण्याचं पहिलं कारण हेच. फळ निवडताना खायचं निवडतो तसं निवडू नये. घट्ट सालीचं, देठाकडे अजून हिरवट असलेलं, हातात जड लागणारं घ्यायचं. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या पिकाच्या, सुरुवातीला असं सहज मिळतं. फळ सोलायच्या आधी, आख्खं किसायचं. तासभर फ्रीजमध्ये ठेवलं तर साल कडक होते आणि काम सोपं जातं. एका जागी एकदाच किसणी फिरवायची, रंग गेला की फळ पुढे सरकवायचं. खोबऱ्याची किसणी नको, जायफळाची बारीक चालते. ३०० ग्रॅम पिठाला तीन मध्यम संत्री.

साल चकचकीत असेल तर ती बहुधा मेणाची. कोमट पाण्यात मिठाने चोळून धुवा आणि पूर्ण कोरडी करून मगच किसा. ओल्या सालीचा किस किसणीतच अडकून बसतो.

मे महिन्यात आमच्याकडे बटर 'खोलीच्या तापमानाला' आणलं तर त्याचं सूप होतं. तेव्हा फेटायची पद्धत सोडून द्यायची. फ्रीजमधून काढलेल्या कडक बटरचे लहान तुकडे, मैदा आणि रगडलेली साखर मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंदांचे झटके देऊन फिरवायची. ओल्या रव्यासारखं झालं की ताटात काढून दाबायचं. हात लागतो तेवढा कमी. काप ट्रेवर लावल्यावर ट्रे पुन्हा दहा मिनिटं फ्रीजरमध्ये. आणि दुसरी खेप कधीच गरम ट्रेवर लावायची नाही, ओव्हनमध्ये जायच्या आतच बटर पाझरायला लागतं.

छत्रपती संभाजीनगर, मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन

आमच्या भागात मोसंबी मुबलक, म्हणून विचारतात की मोसंबीच्या कुकीज का नाही करत. साल वापरता येते, पण वास सौम्य असतो. दीडपट किस घ्या आणि बरोबर एका लिंबाची साल घाला. रस मात्र नको. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो हे सगळ्यांना माहीत आहे. आटवला तर लवकर होतो. त्याला कारण लिमोनिन (limonin) नावाचं द्रव्य, जे रस काढल्यावर आंबटपणाच्या संगतीत हळूहळू तयार होतं. गंमत म्हणजे सालीच्या सुगंधातलं मुख्य द्रव्य लिमोनीन (limonene). नावं जुळ्यांची, स्वभाव उलटे.

ज्यांना कुकीतच आंबट चव हवी त्यांनी रसाऐवजी ढोकळ्यासाठी आणतो ते सायट्रिक ॲसिड घ्यावं. ३०० ग्रॅम पिठाला पाव छोटा चमचा, साखरेबरोबर दळून. पाणी जात नाही, पीठ चिवट होत नाही. एक लक्षात ठेवा, आंबटपणाने रंग उशिरा चढतो. म्हणजे कुकी फिकट दिसली तरी झालेली असू शकते. तळाचा रंग बघा, वरचा नाही.

कन्व्हेक्शनला पंखा असतो, म्हणून १५५ ते १६० अंश, खालची जाळी, १२ ते १३ मिनिटं. अर्ध्या वेळेला ट्रे फिरवा, मागची रांग आधी भाजते.

गिरगाव, कढई

ओव्हन नाही म्हणून कोणी थांबू नये, पण अपेक्षा जरा बदला. जाड बुडाची कढई, तळाला अर्धा किलो जाडं मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची. ॲल्युमिनियमच्या ताटलीला बटर पेपर लावून काप दोन-दोन सेंटिमीटर अंतराने ठेवायचे, आच अगदी मंद, २० ते २५ मिनिटं. जुना कुकर वापरलात तर शिटी आणि रिंग दोन्ही काढायच्या, आणि पाणी अजिबात नाही.

उष्णता खालून येते, म्हणून वरून रंग येतच नाही. वरून गुलाबी होण्याची वाट पाहिली की तळ काळा होतो. झाकणाला आतून कापड बांधा, नाहीतर वाफेचे थेंब कुकीवर पडून पांढरे डाग उठतात. कापडाची टोकं वर घेऊन गाठ मारायची, आचेपर्यंत लोंबू द्यायची नाहीत. काप ७ नाही, ५ मिलिमीटरचे. एका वेळी आठ-नऊच बसतात. उरलेला रोल फ्रीजमध्ये.

कोल्हापूर, ओटीजी

घरच्या लोण्याचा प्रश्न अजून कोणी काढला नाही म्हणून काढते. चालतं, पण जसंच्या तसं नाही. विकतच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. घरच्या लोण्यात पाणी किती हे तुमच्या हातावर. तीन-चार पाण्यांत धुवायचं, पाणी ताकासारखं गढूळ दिसेनासं झालं पाहिजे. मग मलमलच्या कापडात बांधून फ्रीजमध्ये चार तास टांगायचं आणि वर लाकडी चमच्याने दाबून थेंब काढायचे. एवढं करूनही कुकी चिवट झाली तर लोण्यात पाणी राहिलं. विरजणाचा आंबूस वास असलेलं लोणी लिंबाला खपून जातं, संत्र्याला नाही.

तुपात करायच्या असतील तर २०० ग्रॅम बटरच्या जागी १६५ ग्रॅम तूप. तुपात पाणी नसतं, म्हणून सरळ बदली केली की गोळा ट्रेवर सांडल्यासारखा पसरतो. तूप थिजलेलं, रवाळ हवं; पातळ तूप ओतलं तर साखर खाली बसते. गोळा वळला जात नसेल तर थंड दूध दोन छोटे चमचे, त्याच्या पुढे नाही. तुपाच्या कुकीजना रोल-काप जमत नाही, भेगा पडतात. नानकटाईसारखे गोळे करून अंगठ्याने दाबा. बेसन मात्र टाळा. नानकटाईत ते शोभतं, इथे भाजलेल्या बेसनाच्या वासापुढे लिंबू हरतं. कणीक निम्मी घालता येते, पण संत्र्याबरोबर. लिंबू आणि कणीक एकमेकांशी बोलत नाहीत.

नाशिक

कपाने मोजणाऱ्यांसाठी. चमच्याने अलगद भरलेला मैद्याचा कप १२० ते १२५ ग्रॅम, पिशवीत बुडवून भरलेला १५० पर्यंत जातो. अडीच कपांत हा फरक साठ ग्रॅमचा होतो आणि मग 'कुकीज भुगा झाल्या' म्हणून बटरला दोष. साडेतीनशे रुपयांचा वजनकाटा घ्या.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथल्या लिंबांच्या जाळीवरची बारीक अक्षरं वाचा. साध्या लिंबांच्या सालीवर बुरशीनाशक लावलेलं असतं आणि साल खाऊ नये अशी सूचना तिथेच छापलेली असते. किसायला बायो, म्हणजे सेंद्रिय लिंबूच घ्यायचं. धुऊन निभावून नेऊ नका. ब्रिटनमधल्यांनी मेण न लावलेली लिंबं मागावीत, तशी वेगळी मिळतात.

इथलं पिवळं लिंबू मोठं, ३०० ग्रॅम पिठाला दोन पुरतात. पण वास वेगळा. कागदी लिंबाचा झणझणीतपणा त्यात नाही. तो हवा असेल तर हिरव्या लाइमची साल मिसळावी. पीठ ४०५ क्रमांकाचं (इथला बारीक मैदा) घेतलं तर कॉर्नफ्लोअर लागत नाही, पूर्ण ३०० ग्रॅम तेच. बटरमध्ये स्निग्धांश ८२ टक्के आणि मीठ नाही, म्हणून मीठ विसरू नका. वर-खाली उष्णतेचा ओव्हन १७०, पंख्याचा १५५.

सांगली, ऑर्डरी घेते

टिकण्याबद्दल. मऊ पडण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा कोमट कुकी डब्यात भरणं. जाळीवर पूर्ण तास द्या. हवाबंद डब्यात दोन आठवडे खुसखुशीत राहतात, वास मात्र पहिल्या आठ दिवसांतच खरा. म्हणून भाजून साठवण्यापेक्षा रोल साठवावा. फ्रीजरमध्ये दोन महिने नीट राहतो, वर जाड पिशवी हवी, नाहीतर फोडणीचा नि कांद्याचा वास बटर लगेच ओढून घेतं. कापायच्या आधी वीस मिनिटं बाहेर. गोठलेला कापला तर काप तुटतात.

पावसाळ्यात मऊ पडल्याच तर १४० अंशांवर पाच मिनिटं, गार झाल्या की पुन्हा कुरकुरीत.

लिंबाचा रस वापरायचाच असेल तर त्याची जागा वर, आयसिंगमध्ये. आयसिंग शुगर १०० ग्रॅमला तीन ते चार छोटे चमचे रस, एकेक करत. चमच्यावरून पडलेली धार दहा सेकंद दिसून मग मिसळली पाहिजे. घरची पिठीसाखर असेल तर त्यात छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून चाळा. कुकी गार हवी, गरमवर आयसिंग पारदर्शक होऊन मुरतं. सुकायला दोन तास, दमट हवेत चार. सुकायच्या आत एकावर एक रचल्या की डबा उघडताना वरच्या कुकीला खालचीचं आयसिंग लागून येतं, आणि ती ऑर्डर घरच्यांच्या पोटात जाते.

ठाणे

खारं बटर, सहा लिंबं, १७० अंश, १५ मिनिटं. वास आला. पण सगळ्यांचा तळ गडद आणि वर पांढऱ्या. आयसिंग नाही, रस नाही.

पुणे

ट्रे काळा असेल. काळा पत्रा उष्णता जास्त ओढतो. ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा, नाहीतर एक कप्पा वर घ्या. तेवढ्याने गेलं नाही तर आतलं खरं तापमान बघा, साधा ओव्हन थर्मामीटर मधोमध टांगून. ओटीजीचा काटा १५-२० अंशांनी खोटं बोलणं अगदी नेहमीचं आहे.