मुलगी कृत्रिम हात घालतच नाही, बळजबरी करावी का?

वर्तकनगरची_आई:
लेक साडेचार वर्षांची, डावा हात जन्मापासून कोपराखाली नाहीये. सहा महिन्यांपूर्वी केबलवाला हात करून घेतला, खांद्याला पट्टे असतात आणि दंड पुढे ढकलला की हूक उघडतो तो. शाळेत बाई बघतात म्हणून राहतो, घरी आली की चपला आणि हात दोन्ही दारातच. सासूबाई म्हणतात लाव जबरदस्तीने, सवय होईल, हे म्हणतात एवढे पैसे घालून माळ्यावर ठेवायचा का. बनवला त्यांनी पट्टे कसे लावायचे तेवढं दाखवलं, पुढे काही नाही. रोज किती तास घालायचा असतो?

घोडबंदर_बाबा:
ते रोबोटिक हात मिळतात ना हल्ली, व्हिडिओत बघितलं, तो घेऊन टाका.

ऐरोली_ओटी:
बाबा, ते बॅटरीवाले हात जड असतात, बहुतेक पाण्यात चालत नाहीत आणि मूल वाढलं की सॉकेट (छोटा हात ज्यात बसतो तो भाग) परत नवं, साडेचारला घाई नको.
ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, रोजची कामं करायला शिकवते. आधी हात काढल्यावर त्वचा बघा, लाल डाग २० मिनिटांत गेले तर ठीक, नाही गेले तर सॉकेट टोचतंय. या वयात वर्ष-दीड वर्षात ते लहान होतंच. मग तास मोजणं सोडा. दोन हात लागतातच अशी कामं काढा, मणी ओवणं, कागद धरून कात्री चालवणं, छोटं लाटणं. १५-२० मिनिटं बास, कंटाळायच्या आत थांबवायचं. हात बनवून दिला की काम झालं असं नसतं हो, वापरायला शिकवावं लागतं. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हात बनवणारे आणि ओटी दोन्ही आहेत, दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरा.

कोपरखैरणे_एकहाती:
माझंही सेम, डावाच, वय २६. ताई ती हट्टी नाहीये, छोट्या हाताला गरम-गार, खरखरीत सगळं कळतं, हुकाला काय कळणार, वर मे महिन्यात आत नुसता घाम. मी डबा गुडघ्यात धरून उघडतो, दप्तराची चेन दातांनी (ओटी मॅडम ओरडतील). पण सायकल शिकायची होती तेव्हा हात मीच मागून घेतला, हँडल धरायला. आजही बाइकपुरताच घालतो, ऑफिसला बिनहाताचाच जातो. तिला कशासाठी हवाय ते तिलाच विचारा की.

वर्तकनगरची_आई:
विचारलं. म्हणे मटार सोलायला. शेंग हुकात धरायची आणि उजव्या हाताने ओढायची, अर्धा तास बसली, निम्मे मटार पोटात. पण काढल्यावर डाग बघितला तर तासभर तसाच लालभडक. म्हणजे टोचतच होतं हो पोरीला, आणि मी रोज ओरडत होते. सोमवारी महालक्ष्मीला जातोय, तोवर शाळेतही नको म्हणून बाईंना सांगितलंय.