‘पालकत्व’ : कोणाचे आणि कोणावर?

प्रश्न :
बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण-तरुणींच्या कार्यशाळेत मी शिकवते. पुढे मूल हवे का, मूल असले की काय काय करावे लागते, याविषयी त्यांच्याशी बोलायचे ठरवून आम्ही पाठाला ‘पालकत्व’ असे नाव दिले. एकीने लगेच ‘पालक म्हणजे भाजी’ असे सांगितले, ते हसण्यावारी नेता आले; परंतु दुसरा म्हणाला, “माझं पालकत्व बाबांनी कलेक्टर ऑफिसातून आणलंय.” हा शब्द ठेवावा का?

प्रतिसाद १ :
तुमच्या विद्यार्थ्याने शब्द अचूक वापरला आहे. ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे; त्यात जन्म देणे कोठेच येत नाही, म्हणून तर जिल्ह्यालाही पालकमंत्री असतो. ‘हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीन असणे) व पालकत्व अधिनियम, १९५६’ या नावातला अर्थही हाच आहे. राष्ट्रीय न्यास ही बौद्धिक व तत्सम अक्षमता असलेल्यांसाठीची केंद्रीय संस्था; तिच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी सदस्य असलेली स्थानिक स्तर समिती सज्ञान व्यक्तीसाठीही पालक नेमू शकते, आणि मग अठरा वर्षे उलटूनही ती व्यक्ती कागदोपत्री ‘पाल्य’च राहते. आईवडील होण्याचा अर्थ ‘सुजाण पालकत्व’सारख्या प्रयोगांतून रुळला, आणि इतरांना तो अडचणीचा वाटत नाही; तुमच्या वर्गात मात्र ज्याने पालक होण्याचा विचार करायचा, तोच कोणाचा तरी पाल्य आहे.

प्रतिसाद २ :
‘मूल होणे’ही जपून वापरावे. ‘मला मूल झाले’ या वाक्यात कर्ता मूल आहे, ‘मी’ नाही; सारे आपोआप घडल्यासारखे वाटते. ‘रात्री उठणे’, ‘दूध पाजणे’, ‘तापात दवाखान्यात नेणे’ अशी क्रियापदे घेतल्यास प्रत्येक कामाला करणारा लागतो, आणि ‘हे मी करीन, यात मला मदत लागेल’ असे बोलणे सोपे जाते.

प्रतिसाद ३ :
शब्दांची गल्लत किती दूर जाते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या चंदीगड प्रकरणात सापडते. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीला गर्भ ठेवायचा होता. गर्भपाताच्या कायद्यात पालकाची संमती पुरते ती अल्पवयीन मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत. मतिमंदत्व म्हणजे मनोरुग्णता नव्हे, सबब तिची स्वतःची संमती डावलता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ‘मतिमंद’ हा शब्द आज आपण टाळतो, ते योग्यच आहे. पण ‘मनोरुग्ण’ हा काही त्याचा सभ्य पर्याय नव्हे, आणि वर्तमानपत्रे तो तसा वापरतात तेव्हा चीड येते.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. फळ्यावरचे ‘पालकत्व’ पुसून ‘मला मूल हवे का?’ असे लिहिले. त्यातल्या ‘हवे’वरच दोन तास गेले, ‘नको’ हेही उत्तर चालते आणि ‘हवे’ हेही, असे एका मुलीला (चुकले, तरुणीला, ती चोवीस वर्षांची आहे) तीनदा सांगावे लागले.