‘सर्किट’ म्हणजे मंडल की परिपथ? आणि ‘ओपन ॲक्सेस’ला काय म्हणावे?

मूळ प्रश्न

मेंदूविज्ञानावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि दोन शब्दांपाशी दोन दिवस अडून बसले आहे. ‘न्यूरल सर्किट’, म्हणजे एकमेकींना निरोप देणाऱ्या चेतापेशींची (न्यूरॉनची) जोडणी, आणि ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे संशोधन सगळ्यांना पैसे न भरता वाचता-वापरता येणे. मेंदूतल्या सर्किटांवरचा एक शोधनिबंध ओपन ॲक्सेस पत्रिकेत आला, असे साधेच वाक्य आहे. ‘मुक्त प्रवेश पत्रिका’ लिहिले, तर सभागृहाच्या दारावरची पाटी वाटते. ‘मोफत पत्रिका’ लिहिले, तर कुणीतरी वाटलेले जाहिरातीचे पत्रक. तुम्ही काय लिहिता?

प्रतिसाद

आधी सर्किट. शाळेच्या पुस्तकांमुळे ‘विद्युत परिपथ’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे, जुन्या विज्ञानलेखनात ‘विद्युत मंडल’ही सापडते. दोन्हींत फिरून मूळ जागी येण्याचा अर्थ आहे. विजेला तो चपखल बसतो, कारण वाट कुठेही तुटली की प्रवाह थांबतो. चेतापेशींचे तसे नाही. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच हातोडी मारली की पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया घ्या. मांडीच्या स्नायूतला ताण टिपणारी एक चेतापेशी मज्जारज्जूत थेट दुसऱ्या चेतापेशीला गाठते आणि ती दुसरी त्याच स्नायूला आकुंचन पावायला लावते. मधे तिसरी पेशी नाही. चेतापेशींपुरते पाहिले तर ही नुसती वाट आहे, वर्तुळ पुरे होते ते स्नायूतून. याउलट मेंदूची रचना अभ्यासणाऱ्या जेम्स पापेझ यांनी १९३७ मध्ये भावनांसाठी जे सर्किट सुचवले, ते मेंदूतल्याच भागांतून फिरते: हिप्पोकॅम्पसपासून निघून थॅलॅमसमार्गे सिंग्युलेट भागात जाते आणि परत हिप्पोकॅम्पसला येते. सर्किट दोघांनाही म्हणतात. ‘मंडल’ म्हटले की गोल आकार डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून मी तो शब्द टाळतो. ‘परिपथा’त निदान ‘पथ’ ऐकू येतो. मी ‘चेतापरिपथ’ लिहितो आणि पहिल्या वेळी शेजारी ‘म्हणजे चेतापेशींचे सर्किट’ असे सरळ सांगून टाकतो.

‘जाळे’ मात्र इथे वापरू नका, ते नेटवर्कसाठी राहू द्या. आणि ‘मज्जा’ की ‘चेता’? मज्जासंस्था रुळलेला शब्द आहे, पण अस्थिमज्जाही मज्जाच. पेशीपाशी आलो की ‘चेतापेशी’ बरे.

आता ओपन ॲक्सेस. इथे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते की ‘खुला’ आणि ‘मुक्त’ हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. मराठीत हा फरक आयता मिळाला आहे, तो घालवू नये. खुले म्हणजे कुलूप नाही. मुक्त म्हणजे बंधन नाही. एखादा शोधनिबंध पैसे न भरता वाचता येतो, पण त्यातली आकृती उचलून छापायची तर प्रकाशकाची परवानगी लागते. तो खुला आहे, मुक्त नाही. संशोधन सगळ्यांना मिळावे म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर झालेल्या बुडापेस्टच्या निवेदनाने ओपन ॲक्सेसची जी व्याख्या केली तिच्यात वाचणे आहेच, शिवाय उतरवून घेणे, प्रती काढणे, इतरांना देणे, संगणकाला विदा (डेटा) म्हणून पुरवणे हेही आहे. अट एवढीच, की लेखकाच्या कामाची मोडतोड होऊ नये आणि श्रेय त्याला मिळावे. ‘प्रवेश’ या शब्दात यातले काहीच मावत नाही. दारातून आत गेलो, पुढे काय?

चेतापरिपथांच्या संशोधनात तर सगळा जीव या वापरात आहे. फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या संशोधनपत्रिकेत आला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले सुमारे पाच कोटी जोड. हे कोणी वाचत बसत नाही. आपल्याला हवी ती पेशी शोधायची, तिला कोण निरोप देते आणि ती कोणाला देते हे तपासायचे, त्यावर स्वतःचे गणित चालवायचे. शिवाय हा नकाशा ज्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून बनला, ती दुसऱ्याच गटाने काढून २०१८ मध्ये सगळ्यांसाठी ठेवून दिली होती. ती फक्त पाहण्यापुरती खुली असती, तर पुढचे काम झाले नसते. म्हणून माझे मत: ‘मुक्त प्रकाशन’, ‘मुक्त संशोधनपत्रिका’. ‘प्रवेश’ काढून टाका. नुसते फुकट वाचता येत असेल तिथे ‘वाचायला खुला’ म्हणा.

आणखी एक प्रतिसाद

‘मुक्त प्रकाशन’ पटले. पण वाचकाला ‘मुक्त’ म्हणजे बिनखर्चाचे असे वाटेल, तेवढे एका ओळीत सांभाळा. बऱ्याच मुक्त पत्रिकांत खर्च लेखकाकडे किंवा त्याला अनुदान देणाऱ्या संस्थेकडे जातो. त्या रकमेला ‘वर्गणी’ म्हणू नये, वर्गणी वाचक भरतो. ‘प्रकाशन शुल्क’ सरळ आहे. ज्याच्याकडे अनुदान नाही त्या संशोधकापुढे हे शुल्क भिंतीसारखे उभे राहते. काही पत्रिका ते माफ करतात, काही मुळात घेतच नाहीत.

संशोधकाने पदरमोड करून छापण्याची गोष्ट मात्र जुनी आहे. स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी मे १८८८ मध्ये स्वतःच्या पैशाने स्वतःची पत्रिका काढली, साठ प्रती छापल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशांतल्या शरीरशास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावरचे (मेंदूच्या मागच्या भागावरचे) त्यांचे काम तिच्यात होते. चेतापेशी एकमेकींत विरघळलेल्या नसून सुट्या असतात, हा विचार तिथून पुढे गेला. परिपथ म्हणायला आधी सुट्या पेशी मान्य व्हाव्या लागतात!

मूळ प्रश्नकर्ती

म्हणजे माझे वाक्य असे होईल: ‘चेतापरिपथांवरचा हा शोधनिबंध मुक्त संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला आहे.’ वाचताना कुठे अडखळत नाही. त्यात एक आकृती आहे, पेशींची नावे बाणांसह दिलेली. ती नावे मराठीत करून छापता येईल का?

प्रतिसाद

निबंधाच्या पहिल्या पानावर किंवा शेवटी परवाना लिहिलेला असतो, तो पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे लेखकाने इतरांना वापराची मुभा देण्याचे तयार परवाने, त्यांतला नुसता श्रेयनिर्देशाचा परवाना असेल तर खुशाल करा, कुणाला विचारायला नको. ‘बदल करू नये’ अशी अट जोडलेली असेल तर अनुवादही बदलात मोडतो, मग लेखकांना पत्र लिहावे लागेल. पहिला परवाना असेल तर आकृतीखाली लेखकांची नावे, निबंधाचा दुवा आणि परवान्याचे नाव द्या, आणि त्याच ओळीत लिहा: ‘आकृतीतील नावे मराठीत केली आहेत.’ बदल केल्याचे सांगणे बंधनकारक आहे, तेवढे विसरू नका.